अष्टभुजा राउटरचे तीर्थ

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, रविवार. इंग्रजी दिनांक २३ नोव्हेंबर २०२५. वेळ सकाळी सव्वादहाची. स्थळ जिल्हा अहिल्यानगर, कोल्हार गावातील एका मंगल कार्यालयाचे पटांगण. या दिवशी, या वेळी आणि या ठिकाणी अदमासे चारशे सुबुद्ध माणसे आपापले मोबाईल डोक्यावर धरून, आकाशातून काहीतरी टपकणार असल्याप्रमाणे उभी होती.

टपकणार होती ती रेंज.

आदल्या दिवशी ज्या मखमली खुर्चीवर कुणी नवरदेव बसला होता, तिच्यावर आज लहरीनाथ महाराज विराजमान होते. अंगात भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष आणि कानात बिनतारी ध्वनियंत्राची निळी बोंडी. शेजारच्या चौरंगावर एक काळी पेटी होती. तिला आठ शिंगे होती, प्रत्येक शिंगाला लाल दोरा बांधला होता आणि मधोमध हळदीकुंकू वाहिले होते. हाच तो 'सिद्ध अष्टभुजा राउटर'.

"माउली, पूर्वी आकाशवाणी होत होती," महाराज म्हणाले. "तिला तार होती का? खांब होता का? नव्हता! मग ती कशावर झाली? वायफायवर! नारदमुनी तिन्ही लोकांत फिरायचे, एकदा तरी त्यांचा संपर्क तुटला का? हे विश्वच लहरींचं आहे. तुमच्या घरात लहर का पोचत नाही? कारण तुमच्या राउटरला भुजा दोन, आणि दिशा आठ! सहा दिशा उपाशी ठेवल्यात तुम्ही, बाबांनो!"

सहा दिशा उपाशी ठेवल्याच्या अपराधाने चारशे माना खाली गेल्या.

मग प्रयोग झाला. चौरंगावर आधी एक साधा, दोन शिंगांचा राउटर लावण्यात आला. ज्ञानेश्वर नावाच्या एका ऊसउत्पादकाचा मोबाईल त्याला जोडून दूरच्या फाटकापर्यंत नेण्यात आला. वाटेतच पडद्यावरचे भजन अडखळले आणि बंद पडले. मोबाईलच्या कपाळावरची पंख्याच्या आकाराची ती खूण पार पुसली गेली. मग अष्टभुजा लावला. महाराजांनी डोळे मिटून ओठ हलवले. त्यांचा पन्नाशीतला शिष्य सुनीलनाथ डाव्या हातात तांबूस कमंडलू धरून, उजव्या हाताने दर्भाने पाणी शिंपडत ज्ञानेश्वरच्या पुढे पुढे चालू लागला. फाटक आले. भजन चालूच राहिले. पंखा काठोकाठ भरलेला.

"आयला! फुल्ल हाय की!" ज्ञानेश्वर ओरडला, आणि पटांगणात जयघोष झाला.

या जयघोषात एकच मनुष्य सामील झाला नाही. शामकांत हे सेवानिवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक तिसऱ्या रांगेत छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते. युक्तिवाद हे त्यांचे व्यसन होते. भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीच्या व्याख्येवरून ते अर्धा तास बोलू शकत, आणि म्हणून मेथी आणण्याचे काम त्यांच्या पत्नीने, इंदूताईंनी, केव्हाच स्वतःकडे घेतले होते.

"अहो, उठू नका हं," शेजारी बसलेल्या इंदूताई दबल्या आवाजात म्हणाल्या. "मागच्या वेळी त्या पादुकांच्या प्रकरणात छत्री मोडली होती."

"छत्री माझी होती," शामकांत म्हणाले. "आणि मुद्दाही माझाच होता."

परंतु आज ते केवळ मुद्द्यासाठी आलेले नव्हते. ज्ञानेश्वरची मुलगी संस्कृती ही त्यांची शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी. शेतकीची पदवी घेतलेल्या या मुलीला एका कंपनीत काम मिळू घातले होते. घरी बसून व्हिडिओवर शेतकऱ्यांना पीकसल्ला द्यायचा. अट एकच: ज्या खोलीतून काम करणार, त्याच खोलीतून संपर्काची चाचणी. दोन चाचण्या फसल्या होत्या. दुसऱ्या वेळी ती "डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी सर्वप्रथम" एवढे म्हणाली आणि पडद्यावर तोंड उघडे ठेवून चार मिनिटे गोठली. तिसरी आणि शेवटची चाचणी उद्या, सोमवारी, सकाळी अकराला होती. ती फसली तर काम दुसऱ्या कुणाला जाणार होते. ज्ञानेश्वर आणि त्याची आई छबूबाई लेकीच्या काळजीने तिलाही घेऊन इथे आली होती. अष्टभुजाची किंमत साध्या राउटरच्या सहापट होती, आणि ज्ञानेश्वरचा हात आतल्या खिशात गेला होता.

"आलेली वेळ दवडू नका, नाव नोंदवा!" सुनीलनाथ पुकारू लागला.

"पप्पा, थांबा ना," संस्कृती म्हणाली. "घरी लावून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही."

"आगं, डोळ्यानं बघितलं की मी! फाटकापातूर फुल्ल हुतं!"

शामकांत उठले. इंदूताईंनी छत्री काढून घेतली.

"महाराज, एक शंका," ते म्हणाले. "लहर उगमापासून जसजशी दूर जाते, तसतशी ती क्षीण होते. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. याला व्यस्त वर्गाचा नियम म्हणतात. आपल्या राउटरची लहर फाटकाशी चौरंगाइतकीच सशक्त कशी?"

महाराजांनी स्मित केले. "गुरुजी, आपला वर्ग सुटून किती वर्षं झाली?"

"सात."

"मग अजून घरी कसे गेला नाहीत?"

पटांगण खदखदून हसले. शामकांतांचेच दोन जुने विद्यार्थी सर्वांत मोठ्याने हसले. आपला नियम बिनतोड होता आणि तरीही आपण हरलो, हे त्यांच्या ध्यानात आले. गर्दीत नियमाला टाळी मिळत नाही, कोटीला मिळते. ते खाली बसले आणि गप्प राहिले. ही घटना त्यांच्या चरित्रात इतकी विरळ होती की इंदूताईंनी काळजीने त्यांच्या कपाळाला हात लावला.

गप्प बसल्याचा एक लाभ झाला: त्यांना ऐकू येऊ लागले. सुनीलनाथाने नावे लिहिण्यासाठी कमंडलू शहाबादी फरशीवर ठेवला. आवाज आला 'थप्प'.

शामकांतांचे कान टवकारले. तांब्याचे भांडे फरशीवर ठेवले तर ठण्‌ असे वाजते. हे थप्प म्हणाले, जसे प्लास्टिकचे टमरेल म्हणते. ज्याच्या मठात तांब्याची वाण नाही, तो माणूस प्लास्टिकचा कमंडलू तांब्याच्या रंगात रंगवून का वागवील? पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला उत्तर सुचायला पळभरही लागले नाही: धातूच्या भांड्यातून लहर बाहेर पडत नाही, म्हणून.

ते पुन्हा उठले. या वेळी आवाज नम्र होता.

"महाराज, मघाशी चुकलो. प्रयोग पुन्हा एकवार पाहण्याची इच्छा आहे. फक्त शिष्यांना त्यांच्या कमंडलूसह इथे आपल्या पायांशी बसू द्यावे. संस्कृती एकटी फाटकाशी जाईल."

महाराजांचे स्मित किंचित आक्रसले. "तीर्थाच्या सिंचनाशिवाय लहरीचा मार्ग शुद्ध होत नाही."

"तीर्थ व्हय?" छबूबाई पदर सावरत पुढे आल्या. सत्तरी उलटलेल्या या बाईची श्रद्धा गावात नावाजलेली होती. मास्तरांच्या शंकेशी त्यांना काडीचे कर्तव्य नव्हते, त्यांना तीर्थ हवे होते. "मंग शिपडून मातीत कशापायी घालवता, बाबा? माज्या नातीची उद्या परीक्षा हाय. एक पळी तिला द्या, एक मला."

नाही म्हणणे कठीण होते. तीर्थ नाकारणारा महाराज कुणी पाहिला आहे? सुनीलनाथाने छबूबाईंच्या ओंजळीत थोडे पाणी ओतले. त्यांनी ते प्राशन करून हात डोक्यावरून फिरवला आणि लगेच पुन्हा पुढे केला, कारण तीर्थ तीनदा घ्यावे असा त्यांच्या घरचा रिवाज होता. दुसऱ्या वेळी चारच थेंब पडले. तिसऱ्या वेळी काहीच नाही.

"संपलं?" छबूबाईंनी कमंडलूकडे पाहिले. "येवढ्या डेऱ्यायेवढ्या भांड्यात येवढंच पानी?"

"आजी, महाराजांची लीला..."

"लीला ऱ्हाऊ द्या. आतमंदी काई आडाकलंय का बघती." आणि शिष्याने हात आवरण्यापूर्वीच, जन्मभर घागरी उपड्या करणाऱ्या त्या हातांनी कमंडलू हिसकून उपडा केला आणि बुडावर दोन थापा मारल्या.

खोटा तळ निखळला. एक चपटी पांढरी डबी आणि तिला वायरने बांधलेली मोबाईल भारित करण्याची बॅटरी, असा प्रसाद छबूबाईंच्या लुगड्याच्या ओच्यात पडला. डबीवर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आगं बया! ह्ये काय व्यालं?"

संस्कृतीने डबी उचलली. "आजी, हा हॉटस्पॉट आहे. यात सिमकार्ड असतं, टॉवरवरून स्वतःच नेट घेतो." तिने डबी बंद केली, वडिलांचा मोबाईल घेऊन फाटकापर्यंत चालत गेली आणि तो उंचावला. "पप्पा, पंखा गेला!"

शामकांत पायरीवर चढले. "या डबीला आणि त्या राउटरला नाव एकच दिले आहे, परवलीचा शब्दही एकच. मोबाईलला जी डबी जवळ, तिला तो मुकाट्याने जाऊन चिकटतो. ज्ञानेश्वर, तुझ्या पंख्यात अष्टभुजाची लहर नव्हतीच. ती तुझ्यापुढे तीन पावलांवर कमंडलूत चालली होती. साध्या राउटरच्या वेळी कमंडलू कुठे होता, आठव."

"चौरंगाखाली, सर," ज्ञानेश्वर हळूच म्हणाला.

"या डबीचं सोडा!" महाराज गरजले. "आठ भुजा तर डोळ्यांना दिसतात ना?"

"दिसतात. त्या आतूनही पाहू." शामकांतांनी कार्यालयाच्या वायरमनकडून पेचकस मागितला आणि अष्टभुजाची पाठ उघडली. आठ शिंगांपैकी दोहोंच्या मुळाशी बारीक तार होती. उरलेली सहा आतून पोकळ. एकात लाल दोऱ्याची गाठ तेवढी सापडली.

"त्या सहा भुजा सूक्ष्म आहेत," महाराज म्हणाले. पण आता त्यांचे डोळे फाटकाकडे होते.

"सूक्ष्म न्हाई, पोकळ हायेत!" मघाशी हसलेल्यांपैकी एक जण बाह्या सरसावून पुढे झाला. शामकांत आडवे आले. "हात लावायचा नाही. यासाठी कायदा आहे, आणि पोलिसांना फोन इंदूने केव्हाच लावला आहे." इंदूताईंनी छत्री उंचावून दुजोरा दिला.

पोलीस येईपर्यंत शामकांतांना पंचवीस मिनिटे मिळाली. इतके उत्सुक श्रोते त्यांना पस्तीस वर्षांच्या नोकरीत मिळाले नव्हते.

"शिंगे मोजून राउटर घेऊ नका," ते म्हणाले. "शिंगे मोजून बैलही कुणी घेत नाही. आपल्या घराच्या भिंती किती, त्या विटांच्या की दगडाच्या, हे आधी पाहा. राउटरमध्ये दोन पट्टे असतात. एक वेगवान, पण भिंतीशी थकतो. दुसरा सावकाश, पण भिंत ओलांडतो. दोन्ही असलेला, हमीपत्राचा साधा राउटर चार खोल्यांना पुरतो. त्याहून लांब जायचे असेल तर तार ओढा आणि पलीकडे दुसरा साधा बसवा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर एकच करा: तोच चमत्कार आपल्या हाताने, आपल्या घरात, त्याच्या माणसांवाचून करून पाहा. जे सत्य आहे ते परीक्षेला भीत नाही. जे भिते, त्याला नमस्कार करू नका."

या वेळी टाळी पडली. परंतु संस्कृती टाळी वाजवत नव्हती. "सर, महाराज खोटे निघाले," ती म्हणाली, "पण माझ्या खोलीत रेंज अजून नाहीच. उद्या अकराला काय करू?"

प्रश्न रास्त होता. दुपारी शामकांत उसाच्या पट्ट्यातल्या त्यांच्या वस्तीवर पोहोचले. घर पाच खोल्यांचे, भिंती विटांच्या, संस्कृतीची खोली शेवटची. अंतर फार नव्हते. त्यांनी खोल्या पावलांनी मोजल्या, भिंती ठोकल्या, मान हलवली.

"इथे साध्या राउटरनेही भागायला हवे. आहे कुठे तो?"

ज्ञानेश्वर आईकडे पाहू लागला. छबूबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, देवघराशेजारचे लोखंडी कपाट उघडले आणि शालूंच्या घडीखालून, दागिन्यांच्या डब्यामागून, रुमालात गुंडाळलेला राउटर बाहेर काढला. कपाटाच्या पाठीला भोक पाडून तार आत घेतली होती.

शामकांतांनी कपाटाच्या पत्र्यावर टिचकी मारली. या वेळी आवाज ठण्‌ असाच आला: धातूच्या पेटीतून लहर बाहेर पडत नाही.

"छबूबाई, हा कपाटात का?"

"मास्तर, म्हागाची वस्तू हाय. दिवा लुकलुकतो, येनाऱ्याजानाऱ्याची नजर जाती. उघड्यावर कशी ठिवायची?"

"पप्पा, तुम्हाला माहीत होतं?" संस्कृती किंचाळली.

"मला वाटलं, वायफाय हाय," ज्ञानेश्वर पुटपुटला, "तार लागत न्हाई, तर दार तरी कशाला आडवं यील!"

राउटर मधल्या खोलीत, माणसाच्या डोक्याहून उंच फळीवर गेला. सावकाश पट्टा चालू झाला. तरीही खात्री म्हणून शामकांतांनी शेवटच्या खोलीपर्यंत तार ओढून थेट संगणकाला जोडली, कारण ज्या गोष्टीवर मुलीचे भवितव्य टांगले आहे, तिथे स्वतःच्या सिद्धान्तावरही विसंबू नये, असे त्यांचे मत होते.

सोमवारी अकराला चाचणी सुरू झाली. दाराबाहेर ज्ञानेश्वर, छबूबाई आणि शामकांत कान देऊन उभे होते. आतून संस्कृतीचा आवाज येत होता: तेल्या रोग, फांद्यांची छाटणी, फवारणीचे दिवस. वाक्ये पूर्ण होत होती. बत्तीस मिनिटांनी दार उघडले.

"झालं!" ती म्हणाली. "एकदाही तुटलं नाही. एक तारखेपासून रुजू व्हायला सांगितलंय."

ज्ञानेश्वरने डोळे पुसले आणि लगेच त्या लहरीनाथाच्या नावाने शिव्यांची लाखोली वाहू लागला. छबूबाईंनी हात वर करून लेकाला थांबवले.

"त्यो लबाड हुता, त्याला त्याची सजा हुईल," त्या म्हणाल्या. "पर पोरीची रेंज त्यानं न्हाई आडवली. कुलूप आपुन लावलं हुतं."