घासून लख्ख केलेले पिंप

मी एक जुने लाकडी पिंप आहे, मित्रांनो. इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या एका टेकडीवरच्या घरात, जेवणघराच्या कोपऱ्यात उभे आहे. डोक्यावर फुलांची कुंडी आहे. पोटात काही नाही.

माझे खरे आयुष्य माळ्यावर गेले. तिथे कौलांखाली द्राक्षांचे घड टांगून वाळवत, नाताळानंतर त्यांचा रस माझ्यात भरत आणि तोंडाला मेण लावून मला चक्क विसरून जात. उन्हाळ्यात तापायचे, हिवाळ्यात गारठायचे, एवढेच माझे काम. काही वर्षांनी तोंड उघडले की आत मधाच्या रंगाची गोड वाइन तयार असे. पण माझी खरी दौलत होती तळाशी उरणारा दाट, काळपट साका. त्याला सगळे 'आई' म्हणत. तुमच्याकडे विरजण जपतात, तशी ती जपायची. ती नसेल तर पुढचा रस नुसता आंबतो.

ही आई आर्जियाला तिच्या आईकडून मिळाली होती. आर्जियाचा भाऊ दुइलिओ घरातल्या खोल्या सुट्टीच्या पाहुण्यांना देई. पाहुणे सकाळी चर्चमधली भिंतीवरची चित्रे बघत, दुपारी ऑलिव्ह घालून शिजवलेला ससा खात आणि संध्याकाळी बदामाची बिस्किटे माझ्या वाइनमध्ये बुडवून डोळे मिटून घेत. एका पाहुणीने तर माळ्यावर बसून माझे चित्र काढले. खोटे कशाला बोलू, मी तेव्हा जरा फुगलेच होते.

मग आर्जिया जिन्यावरून पडली. खुब्याचे हाड मोडून ती इस्पितळात गेली. तेव्हा नुकतीच माझ्यातली वाइन काढली होती, आत फक्त आई होती.

ईस्टर जवळ आला होता. ईस्टरआधी पाद्री घरोघर आशीर्वाद द्यायला येतो, आणि त्याआधी घर माळ्यापासून तळघरापर्यंत घासून काढायची इथली रीत आहे. बहीण आजारी म्हणून घर घाण राहिले, असे कुणी म्हणू नये, म्हणून दुइलिओ कंबर कसून कामाला लागला. माळा कायम बहिणीचा. तो फक्त प्यायचा धनी. त्याने मला उलटे केले आणि आतून गरम पाण्याने, सोड्याने घासले. मला तोंड आहे, पण ओरडता येत नाही.

आर्जिया काठी टेकत परत आली ती थेट माळ्यावर. माझ्या तोंडाला नाक लावून थबकली.

"यातलं काय केलंस?"

"गाळ होता गं तळाशी. चांगला घासून काढला. फादरसुद्धा म्हणाले, घर कसं लख्ख ठेवलंय."

"लख्खच आहे." ती जमिनीवर बसली. "आपल्या आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं, दुइलिओ. तेही मोरीत घातलंस."

दुइलिओ वाटी घेऊन गावभर फिरला. पण प्रत्येक माळ्यावर आता पाहुण्यांचे पलंग होते. "आई मागत फिरतोस होय?" एक शेजारी म्हणाला. "आमची केव्हाच गेली. दुकानातली बाटली आण. पाहुण्यांना काय कळतंय?"

आणि खरेच कळले नाही. विकतच्या वाइनमध्ये बिस्कीट बुडवून ते तसेच डोळे मिटतात. मला शोभेसाठी खाली जेवणघरात आणले, आणि माझ्यामागच्या भिंतीवर माझेच चित्र लावले आहे. त्यात मी भरलेले आहे.

मित्रांनो, घर स्वच्छ जरूर ठेवा. पण एखाद्या भांड्याच्या तळाशी काही दिसले, तर ओतण्याआधी विचारा. आर्जिया दर ईस्टरला माझ्यावरची कुंडी उतरवून माझ्या आतला वास घेऊन बघायची. या वर्षी तिने कुंडीला नुसते पाणी घातले आणि ती निघून गेली.