चार्ज तुझ्याकडे

आमच्या सिंगापुरात हवामानाची बातमी म्हणजे एक वाक्य. दुपारी काही भागांत गडगडाटासह पाऊस. रोज तेच वाक्य आणि तीच बाई, फक्त तिचं जॅकेट वेगळं. त्यामुळे टीव्हीवरचा हवामानवाला घामाघूम होऊन, गल्ल्यांची नावं घेऊन ओरडतोय हे मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला आधी तो सिनेमाच वाटला.

नव्याण्णव सालचा मे महिना. पश्चिमेकडून सुमात्रा आला होता. पहाटे येऊन झोडपून जाणाऱ्या वादळी पावसाला इथे सुमात्राच म्हणतात. मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्या थडथडत होत्या, किचनबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे ओले झाले होते. मी ते आत ओढायला निघाले आणि फोन वाजला.

"आई, टीव्ही लाव. अमेरिकन न्यूजचं चॅनल. आमचं गाव दाखवतायत!"

वल्लरी. आमची एकुलती एक. ओक्लाहोमाला पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकायला गेली होती. तिकडे संध्याकाळ होती. ती हसत होती, पण ते हसू मला आवडलं नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी ती तसं हसायची.

"काय झालंय गं?"

"टॉर्नेडो. एक नाही, खूप आहेत. भोंगे वाजतायत. टीव्ही तर लावा!"

विश्वास ऑफिसला निघण्याच्या तयारीत होते. एक पाय बुटात, एक मोज्यात. त्यांनी टीव्ही लावला आणि फोनचा स्पीकर चालू केला. केबलवरचं चॅनल तिथल्या स्थानिक स्टेशनचं प्रक्षेपण जसंच्या तसं दाखवत होतं. कोपऱ्यात एक नकाशा, त्यावर लाल-हिरवे डाग, आणि तो घामाघूम माणूस. तोच माणूस वल्लरीच्या टीव्हीवरही बोलत होता. त्याचा आवाज आधी फोनमधून यायचा आणि तेच वाक्य क्षणभराने आमच्या टीव्हीतून. एकच माणूस दोनदा ओरडत होता. माझ्या डोक्याचा अगदी भुगा झाला.

"तुझं घर यात कुठे आहे?" मी विचारलं.

"तो लाल डाग आहे ना, त्याच्या वर. म्हणजे उजवीकडे वर."

लाल डाग चार होते.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विश्वास जहाजावर कॅप्टन होते. बोटीवर जायला निघाले की ठाण्याच्या घराच्या दारात ते मला म्हणायचे, "चार्ज तुझ्याकडे." मी म्हणायची, "घेतला." जहाजावर एकाने ड्यूटी सोडून दुसऱ्याने घेताना करतात तसंच. मग वल्लरीचा ताप, शाळा, गॅस, गळका नळ, सगळं माझं. सुट्टीवर आले की मी म्हणायची, "चार्ज तुमच्याकडे." एकदा चार्ज दिला की मागे वळून विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. मला तो फार आवडायचा. घरात एका वेळी एकच कॅप्टन.

पुढे त्यांनी इथल्या शिपिंग कंपनीत जमिनीवरची नोकरी धरली. ते रोज संध्याकाळी घरी यायला लागले आणि चार्ज द्यायचा-घ्यायचा राहूनच गेला. दोन कॅप्टन, एक फ्लॅट! मी म्हणायची सायन्स घे, ते म्हणायचे कॉमर्स. वल्लरी मोठी हुशार. ती कोणालाच हो म्हणायची नाही. गुपचूप थांबायची. आमचं भांडून एकमत झालं की मगच हलायची. लोक म्हणत, काय गुणी मुलगी आहे!

तर त्या सकाळी आमचे कॅप्टन टीव्हीसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"वल्लू, खिडकीतून दिसतंय का काही?"

"दिसतंय बाबा. काळं आहे. खूप रुंद. पण ते हलत नाहीये. खांबासारखं एका जागी उभं आहे."

विश्वासचा चेहरा उतरला. "डावीकडे-उजवीकडे काहीच सरकत नाही?"

"नाही. नुसतं मोठं होतंय."

"अगं, म्हणजे ते तुझ्याकडेच येतंय!" ते ओरडले. समुद्रात समोरचं जहाज दिशा न बदलता नुसतं मोठं होत गेलं तर टक्कर ठरलेली, हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. "ऐक, गाडीची किल्ली घे. आत्ताच्या आत्ता निघ. दक्षिणेला जा."

"थांबा!" मी म्हणाले. कारण तो हवामानवाला नेमकं उलट सांगत होता. गाडीत बसू नका, तळघरात जा, तळघर नसेल तर घराच्या मधल्या खोलीत, टबमध्ये बसा आणि अंगावर गादी ओढा. हे मी फोनमधून ऐकलं आणि मग टीव्हीतूनही ऐकलं. "वल्लू, बाथरूममध्ये जा! टबमध्ये बस!"

"वेडी आहेस का?" विश्वास माझ्यावर खेकसले. "बंदरात दोर बांधून उभं असलेलं जहाज आधी फुटतं. वादळाची सूचना आली की दोर सोडायचे आणि बाहेर निघायचं."

"ती जहाज नाहीये! तो माणूस तिथलाच आहे, त्याला कळत नाही आणि तुम्हाला कळतं?"

"तिला तळघर नाही, वरच्या मजल्यावर राहते ती! वल्लू, किल्ली घे!"

"वल्लू, बाथरूम!"

"आई... बाबा..." ती म्हणाली. भोंगा आता फोनमधून स्पष्ट ऐकू येत होता. "एक काहीतरी सांगा ना."

आणि फोनमधला हवामानवाला मधेच गप्प झाला. तिच्याकडची वीज गेली असावी. आमच्या टीव्हीतल्याने त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. मग वल्लरीचा श्वास तेवढा ऐकू आला, मग खरखर, मग काहीच नाही.

विश्वास पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिले. लाइन लागेना. मी त्यांच्या हातातून फोन घेतला, मग त्यांनी माझ्या. शाळेतला जुना अ‍ॅटलास काढला तर त्यात अख्खं ओक्लाहोमा माझ्या तळहाताएवढं. टीव्हीवरचा माणूस कसल्या कसल्या रस्त्यांचे आकडे सांगत होता. "इथून पुढे तिथे" म्हणे. आम्हाला इथून कुठून ते कळेना आणि पुढे कुठे तेही कळेना. मला त्या माणसाचा राग आला. सगळ्या गावाला नावं घेऊन सांगतोस ना, मग माझी मुलगी कुठे आहे तेवढं सांग की!

दारावरची बेल वाजली. शेजारच्या मिसेस टॅन, हातात आमचा बांबू आणि त्यावर माझा चिखलाने भरलेला गाऊन.

"एय् सरो, युअर बांबू ड्रॉप डाऊन ऑलरेडी, लाह! समबडी हेड कॅन..." त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि मग टीव्ही पाहिला. "अय्या. युअर डॉटर देअर, आह?"

मी मान हलवली. त्या चपला काढून आत आल्या, बांबू भिंतीला टेकवला आणि पडद्याशी वाकून नकाशा बघायला लागल्या.

"विच साइड, युअर डॉटर?"

विश्वासनी एका ठिकाणी बोट ठेवलं, मी दुसऱ्या. मिसेस टॅन आमच्या दोघांकडे बघत राहिल्या. मग न विचारता किचनमध्ये गेल्या आणि पाणी उकळत ठेवलं.

नकाशा जाऊन हेलिकॉप्टरमधलं चित्र आलं. हमरस्ता होता. गाड्या उलट्यापालट्या पडल्या होत्या, एक तर रस्त्याखालच्या चारीत. मी विश्वासकडे बघितलं. पुढच्या चित्रात घरं होती, म्हणजे घरं नव्हतीच, नुसते लाकडाचे ढीग आणि एका ढिगात पांढरा टब. विश्वासनी माझ्याकडे बघितलं. असंच चाललं. रस्ता आला की मी त्यांच्याकडे बघायची, घरं आली की ते माझ्याकडे. तो टब रिकामा होता की भरलेला, ते दिसायच्या आत चित्र बदललं.

"गाडी काढ म्हणालात तुम्ही," शेवटी मी म्हणालेच.

"तू बाथरूम म्हणालीस."

"मग तिने कोणाचं ऐकलं असेल?"

विश्वास फोनकडे बघत बसले. त्यांच्या एका पायात अजून बूट होता. या माणसाने किती वादळांतून जहाजं बाहेर काढली होती, आणि आता त्याला आपली मुलगी कुठल्या दिशेला आहे तेही कळत नव्हतं. मला त्यांची इतकी कीव आली की मी त्यांना आणखी दोन शब्द सुनावणार होते ते गिळले.

बाहेरचा सुमात्रा केव्हाच निघून गेला. ऊन पडलं. समुद्रात नांगरलेली जहाजं रोजच्यासारखी चमकायला लागली. मिसेस टॅनच्या हातचा चहा तसाच गार झाला. त्या मात्र बसून राहिल्या, माझा गाऊन मांडीवर घेऊन त्यावरचा चिखल नखाने खरवडत.

फोन वाजला तेव्हा दोघांनी एकदमच उचलायला हात घातला आणि तो खाली पडला. स्पीकरचं बटण मिसेस टॅननी दाबलं.

"आई, मी आहे."

मी खाली जमिनीवरच बसले.

"कुठे होतीस तू?" विश्वासनी विचारलं. "गाडी काढलीस ना?"

"नाही."

"मग टबमध्ये होतीस," मी म्हणाले.

"नाही आई. हॉलमध्ये होते."

"हॉलमध्ये? खिडकीसमोर? कशाला?"

"किल्ली हातात होती. बाथरूमच्या दारापर्यंत गेलेही होते. पण तुमचं दोघांचं ठरत नव्हतं. फोन कट झाला, तर म्हटलं, परत लागेल. म्हणून थांबले."

वादळ मागच्या गल्लीतून गेलं होतं. तिच्या घराच्या खिडक्या तेवढ्या फुटल्या. काचा तिच्या खांद्यात, दंडात घुसल्या होत्या आणि एका चर्चमध्ये कोणी तरी टाके घालत होतं. दारातली गाडी वाऱ्याने कुठे नेली ते तिला माहीत नव्हतं. म्हणजे कोणाचं बरोबर होतं ते अजूनही कळलं नव्हतं. कळलं ते एवढंच की माझी पोर हातात किल्ली घेऊन काचेसमोर उभी राहिली होती, आमचं एकमत व्हायची वाट बघत. लोक गुणी म्हणायचे तिला.

"बाबा, अजून एक मागून येतंय म्हणतायत," वल्लरी म्हणाली. "इथले लोक म्हणतात चर्चमध्येच थांब. खालच्या मजल्यावरची सूझन म्हणते तिच्या बहिणीकडे चल, तिची गाडी चालू आहे. ती निघालीच आहे. मी काय करू?"

टीव्हीवर खरंच नवा लाल डाग आला होता. थांब, असं म्हणायला मी तोंड उघडलं. विश्वासनीही उघडलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनी मिटलं. मला वाटलं, आता कोणीच काही बोललं नाही तर ती पुन्हा तशीच उभी राहील.

विश्वास फोनपाशी वाकले. त्यांचा आवाज ठाण्याच्या दारातला होता.

"वल्लू. चार्ज तुझ्याकडे."

मी त्यांचा दंड घट्ट धरला. बोलू नका, परत घ्या ते, असं मला ओरडायचं होतं. ओरडले नाही.

पलीकडे माणसांचा गलका होता, कोणाचं तरी लहान मूल रडत होतं. हवामानवाला आता एकाच ठिकाणाहून बोलत होता, आमच्या टीव्हीतून.

"घेतला," वल्लरी म्हणाली आणि फोन ठेवला.

मिसेस टॅननी आमच्याकडे बघितलं. "सो? विच साइड शी गो?"

विश्वास माझ्याकडे वळले. "कुठे जाते म्हणाली?"

"ते नाही सांगितलं तिने."

"मग विचारायचं नाहीस?"

"चार्ज दिल्यावर विचारायचं नसतं," मी म्हणाले. "तुम्हीच सांगायचात."

त्यांनी मान खाली घातली. मग खाली वाकून पायातला तो एकटा बूट काढला आणि माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसले. टीव्हीवरचा माणूस पुन्हा गल्ल्यांची नावं घ्यायला लागला होता. आम्ही दोघं कान देऊन एकेक नाव ऐकत राहिलो.