ताटातला नमुना

कोबी दोन पाण्यांतून उकळला की त्याचा जो वास सुटतो, तो पडद्यांत मुरतो, केसांत मुरतो आणि हळूहळू माणसाच्या स्वभावातही मुरतो. तिच्या घरात तो तीन आठवडे मुरत होता.

सासरे, म्हणजे अप्पा, एक. त्यांचे डॉक्टर तीन. साखरवाले म्हणाले, पांढरा भात बंद, भाज्या होता होईल तो कच्च्या. किडनीवाले म्हणाले, भात पांढराच, आणि भाज्या चिरून, भिजवून, दोनदा उकळून पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यातलं पोटॅशियम निघून जातं. हृदयवाल्यांनी फळं भरपूर सांगितली आणि साधं मीठ बंद करून दुकानात मिळणारं हलकं मीठ आणायला लावलं. तिघांचे कागद फ्रिजच्या दारावर एकाखाली एक लटकत होते, भांडण झालेले शेजारी एकाच जिन्यात उभे असावेत तसे.

ती शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. विसंगती दिसली की तिला तक्ता मांडल्याशिवाय चैन पडत नसे. तिघांनाही चालतील असे पदार्थ तिने शोधले. हाती लागलं कोबी, दुधी, काकडी आणि दिवसाला अर्धं सफरचंद. भाताच्या बाबतीत तिने किडनीवाल्यांचं ऐकलं, कारण ते सर्वांत जास्त ओरडायचे.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," अप्पा ताटाकडे बघत म्हणाले. त्यांचा सगळा जन्म छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवण्यात गेला होता. ताटात करडा, लिबलिबीत ढीग होता आणि त्याच्या कडेने पाणी सुटत होतं. त्यांनी घास घेतला आणि डोळे मिटून गिळला. "सूनबाई, हे कडू लागतं."

"कोबी कडू नसतो, अप्पा."

"कोबी नाही गं. मागाहून लागतं. जिभेवर खिळा ठेवल्यासारखं."

म्हाताऱ्या माणसाचे नखरे, असं तिला वाटलं. स्वतः ती तो ढीग कधी चाखत नसे. बघूनच तिला मळमळायचं.

रक्तातलं पोटॅशियम मात्र उतरायचं नाव घेईना. आधी पाच पूर्णांक चार होतं, पंधरा दिवसांनी पाच पूर्णांक नऊ झालं. किडनीवाल्यांनी कागदावरून नजरसुद्धा उचलली नाही. "पेशंट चोरून खातोय. केळं, बटाटा, काहीतरी. सगळेच खातात. शुक्रवारी परत रक्त द्या. सहाच्या वर गेलं तर भरती, आणि वेळ पडली तर डायलिसिस."

"अहो, मी इथंच बसलोय," अप्पा म्हणाले.

"तुम्हालाच सांगतोय, आजोबा," डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिने खाण्याच्या कपाटाला कुलूप लावलं. अप्पांच्या खोलीतली केराची टोपली उलटी केली, गादी उचलून पाहिली. बुधवारी ते बागेतून फिरून आले, तेव्हा दारातच तिने त्यांचा हात धरला आणि बोटांचा वास घेतला. साबणाचा वास आला. अप्पांनी हात ओढून घेतला नाही. दुसऱ्या कुणाची वस्तू असावी तसा तो तिच्या हातात राहू दिला.

"आला का केळ्याचा?"

"नाही."

"मग हा घे, दुसरा."

आणि तिने तो खरंच घेतला. मोरीत जाऊन ती बराच वेळ स्वतःचे हात धूत राहिली, पण किळस हाताला चिकटलेली नव्हतीच, ती धुतली कशी जाणार?

गुरुवारी अप्पा फिरायला गेले नाहीत. तिने मात्र दोन डबे घेऊन प्रयोगशाळा गाठली. एका डब्यात पातेल्यातला उकडलेला कोबी होता आणि दुसऱ्यात अप्पांच्या ताटातला, सगळं घालून वाढलेला. पाण्याचा नमुना टाकीतून नव्हे, लोकांच्या नळातून घ्यायचा, हा तिच्या खात्याचा पहिला नियम. टाकीत पाणी शुद्ध असतं, घाण मधल्या नळीत शिरते. आपला कोबी निर्दोष निघाला की अप्पांची चोरी आपोआप सिद्ध होईल, हा तिचा हिशेब होता.

तिने दोन्ही नमुने घोटले, गाळले, पातळ केले आणि ज्योतीवर क्षार मोजणाऱ्या यंत्राला एकामागून एक लावले. पातेल्यातल्या कोबीत पोटॅशियम अगदी थोडं निघालं. ताटातल्या नमुन्याचा आकडा मोजपट्टीबाहेर गेला. तिने तो आणखी दहापट पातळ केला. तरी मोठाच.

पातेलं ते ताट. मध्ये होता फक्त एक चमचा आणि मिठाची बरणी.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी आली. बरणीमागे त्या हलक्या मिठाचं रिकामं पाकीट घडी करून ठेवलेलं होतं. पुढच्या बाजूला लाल हृदयाचं चित्र होतं, मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. सोडियम कमी केलं होतं खरं, आणि त्या जागी निम्म्याहून जास्त पोटॅशियम क्लोराइड भरलं होतं. दर सोमवारी प्रयोगशाळेतलं यंत्र जुळवायला ती तपकिरी बाटलीतून चमच्याने काढत असे, तेच. आठ तास दुसऱ्यांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या बाईने स्वतःच्या घरातलं पाकीट उलटं करून पाहिलं नव्हतं. तीन आठवडे ती दोन पाण्यांतून पोटॅशियम काढत होती आणि चमच्याने ते परत घालत होती.

तिने आधी किडनीवाल्यांना फोन लावला.

"मीठ? मी कुठं सांगितलं? बंद करा ते. शुक्रवारची वाट नको, आत्ताच घेऊन या."

हृदयवाल्यांनीही कानावर हात ठेवले. "किडनीचं ते बघतात. रक्तदाब उतरला ना? मग आमचं काम झालं."

फोन ठेवताना तिच्या नाकात कोबीच्या पाण्याचा वास शिरला. प्रत्येकाने अप्पांचा एकेक तुकडा वाटून घेतला होता. सबंध माणूस मात्र कुणाच्याच वाट्याला आला नव्हता, तिच्यासुद्धा.

रक्तात सहा पूर्णांक दोन निघालं. अप्पांना भरती केलं, सुया टोचल्या, चुन्यासारखी भुकटी पाण्यात कालवून पाजली. तिसऱ्या दिवशी आकडा पाचच्या खाली आला आणि डायलिसिस टळलं.

दुपारी तिने घरून डबा नेला. तोच करडा कोबी, पण मिठाशिवाय. या वेळी आधी स्वतः घास घेतला. ओल्या वहीचं पान चावल्यासारखं लागलं. तिने तो कसाबसा गिळला आणि मग डबा पुढे केला.

अप्पांनी चाखलं. "बेचव आहे. पण खिळा गेला."

"अप्पा, ते कडू माझ्या हातचंच होतं. मिठातच होतं. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही." तिने डबा त्यांच्या हाताशी सरकवला. "तुम्ही काहीही चोरलं नव्हतं."

"ते मला ठाऊक होतं की," अप्पा म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला सुळी. संन्याशाला विचारायचं असतं आधी."

त्यांचं जेवण झालं. तिने फडकं ओलं केलं आणि त्यांचा हात पुसायला पुढे झाली. अप्पांनी हात मागे घेतला आणि चादरीखाली सरकवला.

"राहू दे. मी धुतो," ते म्हणाले. आणि खिडकीकडे तोंड करून पुढे म्हणाले, "घरी गेलीस की आधी त्या कपाटाचं कुलूप काढ. बाकीचं मग बघू."