तिसरं नाव

सिरिंज पाच मिलीची, सुई नसलेली... तिच्या तोंडाशी पाण्याचा थेंब फुगत फुगत थांबलेला, पडू की नको अशा बेताने — आणि सिस्टरची नजर त्या थेंबावर अडकली ती अडकलीच. खरं तर काचेच्या पेटीतल्या बाळाच्या दुधाची नळी धुवायची होती, एवढंच.

"सिस्टर, थेंबाची हजेरी घेताय का?" डॉक्टरीणबाई पलीकडून म्हणाल्या.

ती हसली. थेंब पडला. पण मनात तो पडेना.

अकरा आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, याच काचेच्या पेटीपाशी ती अशीच सिरिंज धरून उभी होती. पेटीत तेव्हा दुसरं, तळहाताएवढं बाळ. शेजारी त्याची आई, अंगावर दवाखान्याचा ढगळ झगा. "चर्चमधून पाळकसाहेब येईपर्यंत राहील का हो हा?" आईने विचारलं. तिला खोटं बोलता आलं नाही, खरंही बोलवलं नाही. मग आईच म्हणाली, "तुम्ही द्या बाप्तिस्मा. तुम्ही जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करता, मी पाहिलंय."

लहानपणी चर्चच्या वर्गात पाठ केलेलं उत्तर होतं ते — जीव धोक्यात असेल आणि पाळक जवळ नसेल, तर कोणीही विश्वासणाऱ्याने बाप्तिस्मा द्यावा. तेव्हा घडाघडा म्हणून दाखवलं होतं, वर शाबासकीही मिळवली होती. कोणीही... म्हणजे मीसुद्धा, हे कुठे सुचलं होतं तेव्हा? टोचायचा अधिकार मला कागदावर सही-शिक्क्यानिशी मिळाला, नळी घालायचा मिळाला, आणि हा?

तिने सिरिंजमधून बाळाच्या कपाळावर पाणी घातलं. पित्याच्या नावाने. पुत्राच्या नावाने. आणि तेवढ्यात यंत्र किंचाळलं — बाळाचा श्वास थांबला होता. तिचा अंगठा आपसूक बाळाच्या तळपायावर गेला, घासत राहिला, घासत राहिला... निळे ओठ हळूहळू गुलाबी झाले. आई गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडत होती. "श्वास घेतला त्याने! पाणी पडलं आणि श्वास घेतला!"

आणि तिसरं नाव?

पवित्र आत्म्याचं नाव आपण उच्चारलं की नाही, हे तिला आठवत नव्हतं. अंगठा आठवत होता. जीभ आठवत नव्हती.

बाळ जगलं. बाळसं धरून घरी गेलं. चर्चच्या मंडळीत बातमी पसरली, आणि घरात सासूबाईंना नवा विषय मिळाला. आज सकाळीच म्हणाल्या, "पाळकीणबाई, जरा या शेगडीवर हात ठेवा, पेटत नाही मेली." ती हसली होती, कडेवरच्या तिच्या लेकीनेही शेगडीवर हात ठेवायला पंजा पुढे केला होता. येत्या रविवारी बाळाला मंडळीपुढे आणायचं होतं. बाप्तिस्मा एकदाच, पूर्ण झालेला असेल तर पुन्हा द्यायचा नसतो. म्हणून पाळकसाहेबांनी आज चारला तिला आणि बाळाच्या आईला बोलावलं होतं.

ड्यूटी संपवून ती गेली तेव्हा चर्चमागच्या त्या छोट्या खोलीत बाळाची आई आधीच बसली होती. मांडीवर बाळ, उचक्या देत. पाळकसाहेबांनी नोंदवही उघडली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"घाबरू नको गं. पहिल्या बाप्तिस्म्याला मी निम्मं पाणी बाळाच्या बापाच्या बुटांत ओतलं होतं." मग हळूच, "पाणी आणि तिन्ही नावं. एवढंच विचारतोय."

हो म्हण. एक अक्षर. या आईने अकरा आठवडे त्या दुपारच्या आधारावर काढलेत, तुझ्या ‘हो’ने काय बिघडणार आहे... पण ज्याच्या नावाने आपण पाणी घातलं, त्याच्यापुढे अंदाजाने बोलायचं?

"दोन नावं घेतली," ती म्हणाली. "तिसरं घेतलं की नाही, मला माहीत नाही. यंत्र वाजलं आणि माझा हात त्याच्या पायाकडे गेला."

"मी होते की तिथे!" आई म्हणाली. "घेतलं असणार तुम्ही."

"असणार... पण माहीत नाही, ताई."

पाळकसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग रविवारी पुन्हा पाणी घालताना मी म्हणेन, तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर—"

"नसेल तर?" आईचा आवाज चिरकला. "म्हणजे त्या दिवशी देव आलाच नव्हता?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. त्याशिवाय त्यांचा चेहरा थकलेल्या वडिलांसारखा दिसत होता. "तो माझ्या शब्दांची वाट बघत थांबतो, असं मी कधी म्हटलं नाही, बाई," ते म्हणाले. "मला शब्द सांभाळायला दिलेत. त्याला नाही." मग म्हणाले, "तरी ते सांभाळायचे असतात. तुम्ही विचार करा. रविवार अजून लांब आहे."

आईला पदराने नाक पुसायचं होतं, हात मोकळे नव्हते. तिने न बघताच बाळ शेजारी सरकवलं — आणि ते सिस्टरच्या मांडीवर आलं. चांगलंच जड. उबदार. अजून उचक्या देणारं.

आई रागावली असती तर तिने बाळ दिलं असतं का... की सवयीनेच दिलं? खिडकीबाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. अकरा आठवडे छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं होतं, आणि त्या जागी काय येणार हे तिला ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं — आपण याचे श्वास मोजत नाही आहोत. नुसतंच धरून बसलोय.