घास काढलेलं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. उंचीला ठेंगणं, लांबीला ऐसपैस, आणि एका बाजूनं अर्धगोल कापलेलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, उंदरांनी कुरतडलं असेल. तसं नाही. ती गोलाई माझ्या अंगावर मुद्दाम काढलेली आहे. आज मी शाळेच्या अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे, पण माझं मन काही त्या गोलाईपासून हलायला तयार नाही.

माझा जन्म शाळेच्याच मागच्या अंगणात झाला. त्या वर्षी सरकारनं ठरवलं, की ज्या मुलांचे आईवडील उजाडता उजाडता कामाला जातात त्यांना शाळेनं लवकर आत घ्यावं, पोटभर न्याहारी द्यावी, आणि त्यांची धाकटी भावंडं शेजारच्या खोलीत पाळणाघरात सांभाळावीत. शाळेचा नाटकाचा जुना मंच मोडायचाच होता. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सुतारकाकांना त्या फळ्या दाखवल्या आणि सांगितलं, की खुर्चीत बसल्यावर मुलांचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, लोंबकळायला नकोत. काकांनी फळ्या जोडल्या, रंधा मारला, कडा हातानं चाचपून चाचपून गुळगुळीत केल्या. मला मुलांच्या पायांची सवय होतीच. आता कोपरांची झाली.

काय सकाळी होत्या त्या! दार उघडलं, की आधी थंड वारा आत यायचा आणि त्याच्या मागून मुलं. कुणाचे केस विंचरायचे राहिलेले, कुणाच्या गालावर उशीची घडी उमटलेली, कुणी कडेवरच्या भावाला पाळणाघरात सोडून डोळे पुसत आलेली. स्वयंपाकाच्या मावशी दुधाचं मोठं पातेलं घेऊन यायच्या. पाव, उकडलेलं अंडं, केळं, कधी सफरचंदाच्या फोडी. पहिला पेला संपेपर्यंत कुणी फारसं बोलायचं नाही. मग हळूहळू गालांवर रंग चढायचा आणि कलकल सुरू व्हायची. भुकेलं मूल आणि जेवलेलं मूल यांच्यातला फरक मला कुणी शिकवला नाही. माझ्यावर टेकलेल्या कोपरांवरून मला तो कळायचा.

त्यांच्यात एक मुलगी होती. तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तिला बंद करायचं बटण नव्हतं. तोंडात घास असला तरी तिची गोष्ट चालूच. मावशी म्हणायच्या, हिचं अंडं थंड होऊनच पोटात जातं.

आणि मग मुंगी आली.

मुंगी हे तिचं घरचं नाव. ती होतीच तेवढीशी. तिचे पाय तिचं ऐकत नसत, मान मधूनच एका बाजूला कलायची, हात जायचा एकीकडे आणि पोचायचा दुसरीकडे. बोलणं तर अजिबात नव्हतं. चाकांच्या उंच खुर्चीत तिला पट्ट्यांनी नीट बसवलेलं असायचं. तिची आई इस्पितळाच्या चादरी धुवायच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. घरात त्या दोघीच. आई दारातच तिचा पट्टा घट्ट करायची, कपाळावर ओठ टेकवायची आणि जवळजवळ पळतच निघायची. पुढचं सगळं सोबतीच्या ताई बघायच्या. मुंगीसारख्या मुलांना भरवायला, सांभाळायला, वर्गात पेन्सिल धरून द्यायला सरकारनंच त्यांना नेमलं होतं. ताईंची पद्धत छान होती. घास पुढे करायच्या आणि थांबायच्या. मुंगीनं तोंड उघडल्याशिवाय चमचा कधी आत गेला नाही.

पण मुंगी माझ्यापाशी बसू शकत नव्हती. तिची खुर्ची माझ्याखाली शिरेना. गुडघे माझ्या कडेवर आदळायचे. म्हणून ताई तिला खिडकीपाशी घेऊन बसायच्या. सगळी मुलं माझ्याभोवती आणि ती एकटी तिकडे. खिडकीबाहेर बघण्यासारखं खूप होतं, पण मुंगी बाहेर बघायची नाही. ती आमच्याकडे बघायची.

मित्रांनो, लाकडाला हात नसतात, नाहीतर मी तिला ओढून जवळ घेतलं असतं.

रेडिओनं एकदा स्वतःचा पेला उचलला आणि ती निघाली खिडकीकडे. वाटेत दूध सांडलं. मावशींनी तिला जागेवर परत पाठवलं. रेडिओ रडवेली झाली आणि म्हणाली, मी तिकडे जायचं नसेल तर तिला इकडे आणा. मोठ्या बाईंपर्यंत ही गोष्ट गेली. त्यांनाही ते पटत होतं, पण मी सरकारी मालमत्ता. मला करवत लावायची तर वरून परवानगी हवी. त्यांनी ती मागितली आणि वाट बघत राहिल्या.

मग एके दिवशी न्याहारीची तपासणी करायला एक अधिकारी बाई आल्या. त्यांनी दूध चाखलं, पाळणाघरात डोकावून एका रडक्या बाळाला थोपटलं, आणि जाता जाता खिडकीपाशी थबकल्या. ही मुलगी वेगळी का बसते, असं त्यांनी विचारलं. मोठ्या बाईंनी सांगितलं, की तिची खुर्ची टेबलाला बसत नाही.

अधिकारी बाई खाली वाकल्या. त्यांनी मुंगीचे गुडघे पाहिले, माझी कड पाहिली.

"खुर्ची बसत नाही, की टेबल बसत नाही?" त्यांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी परवानगी मागितल्याचं आणि ती अजून न आल्याचं सांगितलं.

"कापा," अधिकारी बाई म्हणाल्या. "कुणी विचारलं तर मी सांगितलं म्हणून सांगा."

सुतारकाका आले. त्यांनी मुंगीला खुर्चीसकट माझ्याजवळ आणलं, तिची कोपरं हलक्या हातानं माझ्यावर ठेवली आणि पेन्सिलनं रेघ ओढली. मी घाबरलो होतो. काकांनी माझ्यावर हात फिरवला. "फार नाही, एक घास काढतो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे, मला की तिला. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण काम झालं आणि मुंगीची खुर्ची अलगद आत सरकली. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला ताई, आणि मुंगीचे दोन्ही हात माझ्या अंगावर. इतकी वर्षं मी आख्खा होतो. पण पुरा झालो तो त्या दिवशी.

टेबलाचा घास मुंगीनंच खाल्ला, असं रेडिओनं शाळाभर करून टाकलं. लहान वर्गातली मुलं तिचे दात बघायला यायची. मुंगीला हे कळायचं. तिचं हसू आधी खांद्यात यायचं आणि मग तोंडावर.

एका सकाळी रेडिओची गोष्ट रंगात आली होती. तिच्या मामाच्या गच्चीवर म्हणे एक माकड आलं आणि वाळत घातलेली विजार घालून बसलं. तेवढ्यात तिला ठसका लागला. ती थांबून पाणी प्यायली. आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, "अजून."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज अनोळखी होता. तो मुंगीचा होता.

मावशी दूध घेऊन धावत आल्या. मुंगीनं ओठ घट्ट मिटले. ताईंनी केळं पुढे केलं. तिनं मान फिरवली, फार कष्टानं फिरवली, आणि रेडिओकडे बघत पुन्हा म्हणाली, "अजून." तिला दूध नको होतं. तिला माकडाचं पुढे काय झालं ते हवं होतं.

संध्याकाळी आई आली तेव्हा ताईंनी तिला सगळं सांगितलं. आई कामाच्या कपड्यांतच होती, वाफेनं हात लाल झालेले. ती त्या छोट्याशा खुर्चीत कशीबशी बसली आणि अजून घरी न गेलेल्या रेडिओला म्हणाली, "मला शिकव ना गं ती माकडाची गोष्ट. घरी सांगेन. मध्येच थांबेन, म्हणजे मलाही म्हणेल." रेडिओनं तिला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, शिवाय कुठे थांबायचं तेही.

त्यानंतर माझं फार कौतुक झालं. दुसऱ्या शाळांची माणसं बघायला आली, माझा फोटो निघाला. सुतारकाकांना हार घालायला बोलावलं तर ते आलेच नाहीत, म्हणाले, काम आहे.

हे असंच चालेल, असं मला वाटत होतं. पण वर कुठेतरी ठरलं, की यावर फार खर्च होतो. आधी सोबतीच्या ताईंची नेमणूक संपली. त्या रडत गेल्या नाहीत. मुंगीला कसं भरवायचं, हे मावशींना पुन्हा पुन्हा दाखवून गेल्या. मावशी एका हातानं पातेलं सांभाळायच्या आणि दुसऱ्या हातानं मुंगीला भरवायच्या. त्यांची तारांबळ व्हायची आणि मुंगीला ते समजायचं. ती पोट भरलं नसतानाही तोंड मिटून घ्यायला लागली. मग दूध यायचं बंद झालं. मग पाळणाघराला कुलूप लागलं. मावशींनी पातेलं घासून पालथं घातलं, आणि मग त्यांनाही घरी जायला सांगण्यात आलं.

त्या दिवशी मुंगीची आई आली. मुंगी माझ्यापाशी, आपल्या जागेवर बसली होती. मोठ्या बाईंनी आईला समजावलं, की शाळेचं दार तिला कायम उघडं आहे.

"दार उघडं आहे हो, बाई," आई म्हणाली. "पण दारातून आत आल्यावर हिला बघणार कोण? मी कामावर गेले तर ही उपाशी. नाही गेले तर आम्ही दोघीही."

मोठ्या बाई टेबलाकडे, म्हणजे माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी खूप ठिकाणी जाऊन सांगून पाहिलं होतं, हे मला माहीत आहे.

आईनं खुर्ची मागे ओढली. मुंगीची मूठ माझ्या अंगावरून घसरत घसरत कडेला आली. "अजून," ती म्हणाली. आईनं ऐकलं, आणि मग खुर्ची वळवून ती दाराबाहेर पडली.

त्यानंतर मला अडगळीच्या खोलीत आणून ठेवलं. माझ्यावर फाटके नकाशे आले, मोडक्या खुर्च्या आल्या, धूळ आली. भिंतीपलीकडे शाळेची पायरी आहे. लवकर येणारी मुलं आता घंटा होईपर्यंत तिथेच बसतात. त्यांचा आवाज येत नाही. भुकेली मुलं भांडतसुद्धा नाहीत हो, नुसती बसून राहतात. मी रोज कान देऊन ऐकायचो. चाकांचा आवाज येतो का, एवढंच. पोस्टमनची सायकल यायची, भंगारवाल्याची गाडी यायची. दर वेळी माझ्या फळ्या ताठ व्हायच्या आणि मग सैल पडायच्या.

वर्षं गेली. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, नवे सर आले. आणि यंदा बातमी आली, की न्याहारी पुन्हा सुरू होणार. पाळणाघरही. सोबतीची माणसंही नेमणार. टेबलं मात्र तयार येणार होती, चकचकीत, सगळी एका मापाची.

एका दुपारी अडगळीचं दार उघडलं. नव्या सरांबरोबर एक बाई आत आली. केस पिकलेले होते, पण हात मी ओळखले. मुंगीची आई होती ती. तिनं नकाशे बाजूला केले आणि माझ्या गोलाईत हात ठेवला. मुंगी आता मोठी झाली आहे, असं ती सरांना सांगत होती. खुर्चीत बसूनही आईच्या खांद्यापर्यंत येते. आई घरीच लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते आणि इस्त्री करता करता गोष्टी सांगते. मुंगी ऐकते. पण शाळेचं तिचं वय निघून गेलं. आज ती आली होती ती गल्लीतल्या एका छोट्यासाठी. तोही तसल्याच खुर्चीत बसतो, आणि पुढच्या आठवड्यापासून तो शाळेत येणार होता.

"माझ्या मुलीला खिडकीशी बसावं लागलं होतं," ती म्हणाली. "तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांत बसला पाहिजे. हे टेबल न्या."

सरांनी सुतारकाकांच्या मुलीला बोलावलं. काका आता थकले आहेत, काम तीच बघते. तिनं माझ्या पायांना बोट लावलं आणि भुसा खाली सांडला. मला कीड लागली होती. माझ्यावर आता अन्न ठेवता येणार नव्हतं. आईचा चेहरा उतरला. पण सुतारीण म्हणाली, "टेबल गेलं असलं तरी माप चांगलं आहे." तिनं मोठा कागद पसरला, माझ्या गोलाईवरून पेन्सिल फिरवली आणि तो कागद घेऊन गेली.

आता रोज सकाळी भिंतीपलीकडून दुधाचा वास येतो. पेले आपटतात, कुणीतरी अखंड बडबडतं, आणि त्या सगळ्यांत एका खुर्चीची चाकं आत सरकतात. मला आनंद होतो. खरंच होतो. तरीपण मित्रांनो, ती चाकं माझ्या मुंगीची नाहीत. तिची वर्षं कुणीही परत आणून देऊ शकत नाही, मीही नाही आणि सरकारही नाही. मुलांची भूक वरच्या निर्णयासाठी थांबत नाही आणि मुलांचं वयही थांबत नाही. म्हणून जे चांगलं सुरू झालं आहे ते बंद पडू देऊ नका. मोठे व्हाल, तुमच्या हाती काही ठरवायची वेळ येईल, तेव्हा टेबल करायच्या आधीच विचारा, की इथे कोण कोण बसणार आहे.

आणि मोठं होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. उद्या सकाळी खायला बसाल तेव्हा पहिला घास घेण्याआधी एकदा आजूबाजूला बघा. कुणी लांब बसलं असेल तर त्याला हाक मारा, आणि थोडं सरका.