सतराव्या रेणूची तीन उत्तरं

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोपिपेट आहे. दिसायला जाड पेनासारखा. माझ्या डोक्यावरचा खटका दाबून सोडला की मी द्रव ओढून घेतो, पुन्हा दाबला की सोडतो. शंभर मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब. काम एवढंसं, पण अचूक व्हायला हवं.

वरसावेजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं आहे. संचिता ही जीवरसायनशास्त्रज्ञ शांती नगरातून येते आणि आल्या आल्या मला हातात घेते. कर्करोगाच्या पेशींवर आम्ही सोळा रेणू सोडून पाहिले. सगळे निकामी. सतराव्याने मात्र पेशी मरू लागल्या.

"आधी मोज, मग नाच," प्रयोगशाळेच्या प्रमुख गिरिजा मॅडम म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या.

मग तोच प्रयोग तीन वेळा झाला आणि तीन वेगळी उत्तरं आली.

"तुझा हात थरथरतोय. चहा कमी कर," शेजारच्या टेबलावरून तिचा सहकारी पराग म्हणाला.

संचिताला हसू आलं नाही. "मॅडम, अजून एकदा करू?"

"शुक्रवारपर्यंत बघ. नाही जुळलं तर सतरावा सोडून द्यायचा." फळ्यावर रेणूंची यादी होती. डस्टर मॅडमच्या हातातच होतं.

चूक कुणाची ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

सोमवारी संचिताने पेशींना हात लावला नाही. तिने माझ्याकडून शुद्ध पाणी तराजूवर सोडून घेतलं. शंभर मायक्रोलिटर पाणी शंभर मिलिग्रॅम भरायला हवं. भरलं ब्याऐंशी. मग चौऱ्याण्णव. मग सत्त्याऐंशी.

"माझा हात नाही, हा गळतोय!"

पराग उठून जवळ आला. "अगं, गेल्या महिन्यात माझ्याकडून पडला होता. वरून ठीक दिसला, म्हणून ठेवून दिला. सॉरी."

"आणि मी चहा सोडला, येड्या!"

माझ्या पोटातली रबरी कडी चिरली होती. संचिताने ती बदलली. शंभर, नव्व्याण्णव, शंभर. मग आम्ही प्रयोग नव्याने मांडला. शुक्रवारी तिन्ही उत्तरं जुळली.

"हे औषध नाही हं, अजून खूप लांब आहे," मॅडम म्हणाल्या आणि डस्टर खाली ठेवलं. सतरा हा आकडा फळ्यावर तसाच आहे.

मित्रांनो, हातातून वस्तू पडते. पडलो म्हणून मी रुसत नाही. फक्त मला गुपचूप जागेवर ठेवू नका, कुणाला तरी सांगा. आता दर सोमवारी पराग स्वतः माझं पाणी तोलतो. तोपर्यंत संचिता चहा पिऊन येते.