तपकिरीची ओवाळणी

माहेरी निघताना हेमलताने नवऱ्याला एवढंच सांगितलं, की या भाऊबीजेला मी तपकीर मागणार आहे. अच्युतराव तोफगाड्यांच्या कारखान्यातून दुहेरी पाळी करून आले होते. "माग," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. लढाई सुरू झाल्यापासून त्या क्वार्टरात नवरा म्हणजे झोपायला येणारा पाहुणाच झाला होता. मागे गोठा रिकामा होता आणि हेमलताचे दिवसही रिकामे होते. घोडी आणली की दोन्ही भरणार होते.

हो, तपकीर ही घोडी. आजोबांना तपकिरीचं व्यसन, आणि शिंगराचा रंगही हुबेहूब डबीतला; नाव ठेवायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. हेमलताच्या माहेरच्या इंगळ्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत जबलपुरात आले. चाकरी गेली, मान गेला, घोडं बाळगायची खोड तेवढी राहिली. कासोटा घट्ट मारून मदन महालाच्या टेकड्यांतून घोडी पळवणारी पोर म्हणून हेमलताला पार ग्वारीघाटापर्यंत लोक ओळखत. लग्न झालं तेव्हा घोडी सासरी नेली तर चारचौघांत हसं होईल म्हणून ती माहेरीच राहिली. आता मोटारींना पेट्रोल मिळेना, तेव्हा चारचौघांचं हसूही आटलं होतं.

अडचण एकच होती. ओवाळून घ्यायला भाऊ घरी नव्हता. दिवाकर पलटणीच्या खेचरांबरोबर ब्रह्मदेशाकडे गेला होता. पण जाताना तो बायकोला हेमलताच्या देखत बजावून गेला होता, की ताई ओवाळणीत मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही. म्हणजे काम फत्ते. उरली भावजय. आणि कुंदा नागपुरातल्या कारकुनाची लेक, अंगणात शेळी शिरली तरी बाजेवर चढून बसणारी. घोडी गेली तर ती सुटकेचा नि:श्वासच टाकेल, असा हेमलताचा हिशेब होता.

टांगा दारात थांबला तेव्हा कुंदा घोडीला खरारा करत होती. लुगड्याचा कासोटा मारलेला, हात कोपरापर्यंत धुळीने माखलेले. "या वन्सं," ती म्हणाली आणि वाकून नमस्कार केला, तर तिच्या अंगाला घोड्याचा वास. हेमलताच्या अंगाला तो वास येऊन सात वर्षं झाली होती. पहिली कळ तिथेच उठली.

"मोतद्दार कुठे गेला?"

"तो कारखान्यात लागला ना. तिकडे पगार जास्त मिळून राहिला, इथे काहून थांबेल? मग तपूला फिरवणार कोण? शिकले मीच."

तपू! आजोबांच्या घोडीची तपू झाली होती.

पण तपकिरीने ओळखलं. कान टवकारले, खिंकाळली, आणि आपली हनुवटी हेमलताच्या खांद्यावर ठेवून गरम श्वास सोडला, अगदी पूर्वीसारखा. हेमलताचे डोळे भरून आले. मग कुंदा चंदीची बादली घेऊन आली. घोडीने तोच लाड, त्याच मायेने, तिच्याही खांद्यावर केला. हेमलताला वाटलं, विसरली असती तर परवडलं असतं. विसरलेल्याला निदान नावं ठेवता येतात. हिला सगळं आठवत होतं, आणि तरी ती मजेत होती. अंगाला तकाकी होती, खूर नीट कातरलेले होते. आपल्यामागे घोडी झुरली नाही, हे हेमलताच्या घशाखाली उतरेना.

रात्री जेवताना तिने दिवाकरची चौकशी केली. "बरे आहेत," कुंदा म्हणाली आणि पोळी वाढायला उठली. हेमलतानेही पुढे विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिचं सगळं लक्ष गोठ्याकडे होतं.

सकाळी, भाऊबीजेच्याच दिवशी, तिने स्वतः खोगीर कसलं.

"ग्वारीघाटाला जाऊन येते."

कुंदा घुटमळली. "मी येऊ का सोबत? पायीच येते."

"काहून? रस्ता मला माहीत नाही का?"

"तसं नाही वन्सं. फाट्यावर ती डावीकडे वळून राहते. तोंड खेचू नका तिचं. जरा नाराज होते."

ज्या घोडीवर आपण पडलो-झडलो, तिचं तोंड कसं धरायचं ते आता ही सांगणार! हेमलताने घोडीला टाच दिली.

आणि काय ती सकाळ! काळ्या खडकांमधून वाट तशीच वळत होती, सीताफळीची पानं गुडघ्याला लागत होती, आणि तपकिरीची दुडकी चाल अजून इतकी मऊ, की हेमलता एकटीच मोठ्याने हसली. सासर, पाळ्या, भोंगे, सगळं मागे पडलं. घोडी माझीच आहे, ती स्वतःशी म्हणाली. उद्या माझ्याबरोबर येणार.

फाट्यावर तपकीर डावीकडे वळली.

हेमलताने उजवा लगाम ओढला. घोडी थांबली. गुडघा दाबला, चुचकारलं, नावाने हाक मारली. एके काळी यातलं एक पुरे व्हायचं. घोडी खांबासारखी उभी. मग मात्र हेमलताचा तोल गेला. तिने सीताफळीची फांदी मोडली आणि जन्मात पहिल्यांदा तपकिरीला मारलं. घोडी उधळली नाही. तिने फक्त कान मागे पाडून अंग आकसून घेतलं. हेमलताला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिने लगाम सैल सोडला. "जा बाई, जिथे जायचं तिथे जा."

तपकीर टेकडी उतरून थेट मदन महाल स्टेशनात गेली आणि कुंपणाशी निंबाखाली जाऊन उभी राहिली. सिग्नल मिळेपर्यंत थांबलेली मिलिटरीची गाडी समोर होती. पूर्वेकडून परतणारे जवान खिडक्यांतून चहा मागत होते. कुणाचा हात गळ्यात, कुणाच्या डोक्याला पट्टी. हिरवं निशाण काखेत धरून सांधेवाला गुणवंत जवळ आला.

"अरे, आज भाभीजी नहीं आईं? तबीयत तो ठीक है?"

"रोज येतात?"

"रोज सुबह. एक-एक डिब्बा देखती हैं, फौजियों से पूछती हैं. दिवाकर भैया की चिट्ठी नहीं आई न बरसात से." मग त्याच्या ध्यानात आलं. "आप तो उनकी दीदी हैं. आपको तो पता होगा."

दीदींना काही पता नव्हता. हेमलताला भीती वाटलीच, पण तिच्या आधी काय आलं ते सांगायलाच हवं: राग. घोडी घेतली ती घेतली, या बाईने माझ्या भावाची काळजीसुद्धा एकटीच घेतली! मला चिमूटभर दिली नाही. आणि लगेच दुसरा विचार टोचला, की आपण मागितली तरी कधी? इतके महिने आपण घोडीची स्वप्नं पाहिली. दिवाकरला दुसऱ्याच्या खात्यावर टाकून मोकळ्या झालो. गाडी हलली तेव्हा तीही खिडक्यांमागून खिडक्या पाहू लागली. ओळखीचा चेहरा नव्हता.

घरी आल्यावर तिने खोगीर उतरवलं. कुंदाने घोडीच्या अंगावरून हात फिरवला, मानेवरचा वळ पाहिला आणि हळद लावली.

भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळायचं. बीजेची कोर फार वेळ टिकत नाही, म्हणून दिवेलागणीलाच दोघी अंगणात आल्या. हेमलताने ताम्हन आकाशाकडे फिरवलं, कोरीच्या दिशेने अक्षता टाकल्या. कुंदा आत गेली आणि तपकिरीला घेऊन आली. पाठीवर नवी झूल होती.

"वन्सं, तुमची ओवाळणी. तुम्ही कशासाठी आलात ते मला कालच समजलं. ते सांगून गेलेत, नाही म्हणायचं नाही." तिने दोर पुढे केला.

"घोडी नको मला," हेमलता म्हणाली. "दुसरं मागते. मी इथे आहे तोवर सकाळी स्टेशनवर मला जाऊ दे. तू घरी थांब. माझा भाऊ आहे तो."

कुंदाने दोर मुठीत आवळला. शेळीला भिणारी ती पोर नणंदेच्या डोळ्याला डोळा देऊन उभी राहिली.

"घोडी खुशाल न्या वन्सं. मी पायी जाईन. पण माझी सकाळ नका मागू."

हेमलताने घोडी नेली नाही, आणि सकाळही तिला मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना टापांचा आवाज फाटकातून बाहेर पडला, तेव्हा ती जागीच होती. आवाज फाट्याच्या वाटेवर विरेपर्यंत तिने ऐकला आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.